काळा दाणा, सहा एलईडी आणि एक चिप

आईनं तूरडाळीचा डबा लपवून ठेवलाय. तिचंही चूक नाही म्हणा. गेले दोन महिने माझ्या टेबलावर एक पांढरा कार्डपेपर, त्यावर मूठभर डाळ, वर पुस्तकांच्या थप्पीला चिकटपट्टीनं लावलेला अंगठ्याएवढा कॅमेरा आणि त्यातून निघालेल्या वायरींचा गुंता असा सगळा संसार मांडलेला असतो, आणि डाळीत मीच मुद्दाम अख्खे काळे उडीद मिसळते. संध्याकाळी ते सगळे वेचून काढते आणि डाळ परत डब्यात टाकते. "सगळे" म्हणजे मला वाटतं तसं सगळे. परवा बाबांच्या वरणात दोन उडीद निघाले आणि त्या दिवसापासून डबा गायब आहे.

हे खूळ डोक्यात शिरलं ते मामामुळे. मामा नागपुरात कळमन्याकडे एका दालमिलमधे सुपरवायझर आहे. जानेवारीत त्याला डबा द्यायला गेले होते तर तिथं सॉर्टेक्स मशीन बंद पडलेलं आणि सगळे त्याच्या भोवती उभे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, किराणा दुकानात "सॉर्टेक्स डाळ" म्हणून जी जरा महाग मिळते ती या मशीनमधून निघालेली असते. सॉर्टेक्स हे मुळात एका इंग्लिश कंपनीचं नाव, पण आपल्याकडे कुठल्याही कंपनीचं कलर सॉर्टर असलं तरी बाजारात ते सॉर्टेक्सच, जसं कुठल्याही कंपनीचं खोदायचं मशीन असलं तरी ते जेसीबीच. आत काय होतं तर वरून डाळ थरथरणाऱ्या पट्टीवरून उतरत्या पन्हाळीत येते, पन्हाळीतून सुटली की कॅमेऱ्यांसमोरून खाली पडते आणि कॅमेऱ्याच्या थोडं खाली हवेच्या बारीक नळ्यांची रांग असते. काळा दाणा, खडा, टरफल सकट राहिलेला दाणा दिसला की बरोबर त्याच नळीतून हवेची फुंकर बसते, टक, आणि तो दाणा बाजूच्या डब्यात. चालू असताना आवाज कसा येतो सांगू, पहिल्या पावसाचे टपोरे थेंब पत्र्यावर पडायला लागतात ना, अगदी तसा. टक, टकटक, टक.

तर इंजिनिअर आला होता, त्यानं झाकण उघडलं, बोर्ड काढला, लॅपटॉप जोडला. मी दहा वर्षं जावा या भाषेत कोड लिहिते, बँकांचे बॅकएंड वगैरे, त्यामुळे मला राहवलं नाही, विचारलं की यात प्रोसेसर कोणता आहे आणि कोड कशात लिहिलाय. तो म्हणे, "डिस्प्लेला आहे एक प्रोसेसर मॅडम, पण दाणा तो पाहत नाही. दाणा एफपीजीए नावाची चिप पाहते. त्यात प्रोग्राम नसतो, सर्किट असतं." आणि मग लॅपटॉपवरून त्यानं त्यात नवीन सर्किट भरलं. मी घरी येईपर्यंत तेच वाक्य चघळत होते. सर्किट कसं भरतात बाप्पा? सर्किट तर सोल्डर करतात ना?

कॉलेजमधे आम्हाला हे होतं खरं. लॅबमधे स्पार्टन नावाच्या एफपीजीएचा एक बोर्ड होता, आठ जणांत एक, त्यावर हाफ ॲडर, म्हणजे दोन बिटांची बेरीज करणारं सर्किट, चालवून दाखवायचा, जर्नलवर सही घ्यायची आणि विसरून जायचं. एफपीजीएचा फुल फॉर्म, फील्ड प्रोग्रामेबल गेट ॲरे, व्हायव्हात विचारायचे म्हणून पाठ होता. तो कशाशी खातात हे तेव्हा कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मग हिशोब मांडला. ढोबळच आहे, माझा, मशीनच्या मॅन्युअलमधला नाही. पन्हाळीतून सुटलेला दाणा समजा सेकंदाला ३ मीटर वेगानं जातोय. कॅमेरा आणि नळी यांच्यात ६ सेंटीमीटर अंतर धरलं तर हातात आले २० मिलिसेकंद. वाचायला बरेच वाटतात. पण दाणा आहे ५ मिलिमीटरचा, म्हणजे तो नळीसमोर असतो दीड-पावणेदोन मिलिसेकंदच. फुंकर २० मिलिसेकंदांनी बसायच्या ऐवजी २३ नी बसली तर काळा दाणा खाली चांगल्या डाळीत आणि त्याच्या मागचा बिचारा चांगला दाणा बाहेर. आता साध्या पीसीवर हे काम दिलं तर तो वेगाला कमी पडणार नाही, पण त्याचं कसं आहे, तो मधेच दुसरं काहीतरी करत असतो, ऑपरेटिंग सिस्टिम म्हणते थांब जरा हे करून घे, जावात तर नको असलेली मेमरी साफ करणारा गार्बेज कलेक्टर झाडू मारायला निघतो, आणि दोनतीन मिलिसेकंद इकडेतिकडे होतात. बँकेच्या व्यवहारात दोन मिलिसेकंदांचं कोणाला काही पडलेलं नाही. इथं दोन मिलिसेकंद म्हणजे एक अख्खा दाणा.

म्हणजे मुद्दा निव्वळ "फास्ट" चा नाही. हे कळायला मला बराच वेळ लागला कारण नेटवर जिथं बघावं तिथं एफपीजीए म्हणजे फास्ट, फास्ट, फास्ट. माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर ४ गिगाहर्ट्झपर्यंत पळतो आणि मी जो बोर्ड घेतला त्याचं घड्याळ २७ मेगाहर्ट्झचं आहे, जवळपास दीडशे पट हळू. तरी तो जिंकतो, कारण त्याला दर वेळी तेवढेच ठोके लागतात. आज, उद्या, मे महिन्यात, कधीही.

बोर्ड म्हणजे टँग नॅनो ९के. सीताबर्डीला मोदी नंबर तीनच्या गल्लीत दोनतीन दुकानांत विचारलं, ते म्हणे अर्डुइनो घ्या, ईएसपी घ्या, हे काय असते. शेवटी ऑनलाइनच मागवला. बोटभर लांबीचा आहे, वर गोविन कंपनीची चिप, त्यात ८,६४० एलयूटी (लुक-अप टेबल) आणि ६,४८० फ्लिपफ्लॉप, म्हणजे एकेक बिट लक्षात ठेवणारे ठोकळे, आणि बाजूला सहा एलईडी. हे आकडे तेव्हा नुसते वाचले होते. नंतर ते असे अंगावर आले की आता झोपेतही सांगेन.

एलयूटी म्हणजे काय ते मला असं कळलं. लहानपणी आपण पाढे पाठ करतो, सात आठे किती विचारलं की कोणी सातात सात आठ वेळा मिळवत बसत नाही, छप्पन म्हणून टाकतो. एलयूटी तेच करतो. चार वायरी आत येतात, प्रत्येक ० किंवा १, म्हणजे एकूण सोळा शक्यता, आणि आत सोळा खणांचा एक तक्ता असतो, कुठल्या शक्यतेला उत्तर ० आणि कुठल्या शक्यतेला १. तो तक्ता तुम्ही भरायचा. तक्ता बदलला की तोच ठोकळा कधी अँड गेट, कधी एक्सऑर, कधी आणखी काही विचित्र. असे हजारो ठोकळे, त्यांच्यामधे वायरींचं जाळं, आणि कुठली वायर कुठे जोडायची त्याचेही बिट. हे सगळे बिट भरले की सर्किट तयार. इंजिनिअर भाऊ बरोबर बोलला होता, त्यात प्रोग्राम नसतोच.

कल्पना जुनी आहे बरं का. यूसीएलए या अमेरिकन विद्यापीठातल्या जेराल्ड एस्ट्रिननं १९६० मधेच मांडलं होतं की कॉम्प्युटरचा एक भाग पक्का ठेवा आणि एक भाग कामाप्रमाणे बदलता येईल असा ठेवा. पण बाजारात चिप आली ती १९८५ मधे, झायलिंक्स कंपनीची एक्ससी२०६४. त्यात किती ठोकळे होते? ६४. चौसष्ट! आणि तेव्हा लोक म्हणायचे की ही तर ट्रान्झिस्टरची नासाडी आहे, एका गेटसाठी एवढा तामझाम कशाला. झायलिंक्सच्या संस्थापकांपैकी एक रॉस फ्रीमन, त्याचं म्हणणं होतं की ट्रान्झिस्टर पुढे इतके स्वस्त होतील की नासाडीचं काही वाटणार नाही. ते खरं ठरलं, पण तो १९८९ मधेच गेला. त्याच्या कंपनीला २०२२ मधे एएमडी या चिप कंपनीनं विकत घेतलं तो सौदा तर अब्जावधी डॉलरचा. असो.

आता माझी फजिती. कॅमेरा घेतला ओव्ही७६७०, जुना आहे पण स्वस्त आणि काही सेटिंग न करताही चित्र पाठवतो, ६४० बाय ४८०, सेकंदाला ३० वेळा. काळा दाणा ओळखायला रंगाची गरजच नाही, नुसता उजेड मोजला तरी पुरतं. म्हणून ठरवलं की चित्रातल्या प्रत्येक उभ्या रांगेत काळे पिक्सेल किती ते मोजायचं. रांगा ६४०. व्हेरिलॉगमधे, म्हणजे सर्किट लिहायच्या भाषेत, for लिहिता येतो हे बघून मला फार आनंद झाला, दहा वर्षांची सवय, लिहिलं की i शून्यापासून ६३९ पर्यंत, काउंटर वाढव. सिम्युलेशनमधे झकास चाललं. चिपसाठी सर्किट जुळवणाऱ्या टूलला दिलं तर ते म्हणे जागा नाही.

जागा नाही म्हणजे? एवढ्याशा लूपला?

रात्री बारा वाजता ट्यूब पेटली. जावात for म्हणजे "हे काम ६४० वेळा कर". इथं for म्हणजे "हे सर्किट ६४० वेळा बनव". मी त्याला बारा बिटचे ६४० काउंटर मागितले होते, ६४० गुणिले १२ म्हणजे ७,६८० फ्लिपफ्लॉप, आणि चिपमधे आहेतच ६,४८०. सांगायचं म्हणजे मी हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर बाराशे फुटांचं घर काढून मागत होते आणि वरून नकाशा बरोबर आहे म्हणून खुश होते. सॉफ्टवेअरमधे वेळ खर्च होतो, इथं जागा खर्च होते, आणि जागा संपली की हळू वगैरे काही चालत नाही, सरळ नाही.

खरं तर उत्तर समोरच होतं. कॅमेरा काही ६४० पिक्सेल एकदम देत नाही, एकामागून एक देतो, त्यामुळे तुलना करायला एकच ठोकळा पुरतो. आणि बोर्डवर एलईडी सहाच आहेत, म्हणजे चित्राचे सहा उभे पट्टे, त्या माझ्या सहा पन्हाळी, सहा काउंटर, ७२ फ्लिपफ्लॉपमधे खेळ खलास. आता कुठला पिक्सेल कुठल्या पन्हाळीत हे काढायला मी परत शहाणपणा केला, कॉलम भागिले १०७ असं लिहून टाकलं. भागाकार! हार्डवेअरमधे भागाकार म्हणजे लग्नाच्या पंगतीला घरच्या कुकरमधे भात लावण्यासारखं आहे, होत नाही असं नाही पण सगळं घर त्यात गुंततं. एक छोटा काउंटर ठेवला जो १०७ पर्यंत मोजतो आणि मग पुढच्या पन्हाळीकडे सरकतो, बस. एखादाच पिक्सेल चुकून काळा आला तर तो धरायचा नाही म्हणून वरच्या ओळीत त्याच जागी काळं होतं का तेही पाहते, त्यासाठी मागची एक ओळ लक्षात ठेवावी लागते, ६४० बिट, ते चिपमधल्याच मेमरीत जातात. शेवटी सगळं मिळून पाचशेच्या आसपास एलयूटीत बसलं. पिक्सेल येतो, तुलना होते, मागच्या ओळीशी ताळा होतो, काउंटर वाढतो, आणि हे चारही ठोकळे एकाच वेळी चालू असतात, प्रत्येकाच्या हातात वेगळा पिक्सेल. घरी पापड करताना एक जण लाटी तोडते, एक लाटते, एक वाळत घालते तसं. सेकंदाला ९२ लाख पिक्सेल येतात आणि एकही साचून राहत नाही.

पहिल्यांदा तिसऱ्या पन्हाळीत उडीद ठेवला आणि तिसराच एलईडी लागला ना, मी ओरडलेच. आई आतून, "काय झालं गं, शॉक बसला का?"

पण हे जमलं रात्री. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे एलईडी येड्यासारखे लुकलुकत होते, डाळ नसताना पण. एप्रिलचा शेवट, बाहेर ४४ डिग्री, तसंही डोकं तापलेलं. दोन दिवस कोडमधे शोधत होते. एक चूक सापडली पण, कॅमेरा स्वतःच्या २४ मेगाहर्ट्झच्या ठोक्यावर बोलतो आणि मी माझ्या २७ च्या ठोक्यावर ऐकत होते, दोघांचा मेळ नाही. बस सुटता सुटता कंडक्टरच्या हातात पैसे टेकवले की दिले का नाही दिले कोणालाच नक्की सांगता येत नाही, तसं फ्लिपफ्लॉपचं होतं, ना धड शून्य ना धड एक. मग मोजणी सगळी कॅमेऱ्याच्याच ठोक्यावर नेली आणि फक्त उत्तर इकडे आणलं. बराच फरक पडला. पण दुपारचा लुकलुकाट काही जाईना. रात्री ठीक, दुपारी येडं. मला वाटलं चिप तापते.

चिप नाही, कूलर. बाबा दुपारी हॉलमधला कूलर लावतात, रात्री मी एसीच्या खोलीत बसते तेव्हा तो बंद असतो. कूलर आणि माझा बोर्ड एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर, आणि माझ्या जंपर वायरी वीतभर लांब, सगळ्यांमधे मिळून ग्राउंडची एकच वायर. पंपाचं बटण दाबलं की लुकलुक, बंद केलं की शांत. मी चारदा दाबून पाहिलं, बाबा म्हणे "खेळणं आहे का ते?" वायरी चार बोटांएवढ्या केल्या, ग्राउंडच्या आणखी तीन टाकल्या, लॅपटॉप दुसऱ्या सॉकेटवर नेला. संपलं. दहा वर्षांत माझ्या एकाही बगचं कारण कूलर निघालं नव्हतं.

आणि मग मे महिन्यात वादळ आलं, लाईट गेली, आली, आणि बोर्ड मेल्यासारखा. काहीच नाही. मी घाबरले, चिप उडाली वाटलं. उडाली नव्हती, विसरली होती. त्या तक्त्यांचे आणि वायरींचे बिट साध्या मेमरीत असतात, लाईट गेली की पुसले जातात, म्हणून ते फ्लॅशमधे, म्हणजे लाईट गेली तरी न विसरणाऱ्या मेमरीत, वेगळे ठेवावे लागतात आणि लाईट आली की चिप तिथून वाचून स्वतःला परत जोडून घेते. मी घाईघाईत दर वेळी "एसरॅम" वर, म्हणजे त्या साध्या मेमरीवर, क्लिक करत होते, फ्लॅशवर नाही. मामाच्या मिलमधलं मशीन रोज सकाळी हेच करतं, स्विच टाकला की आधी चिप आपलं सर्किट उभं करते आणि मग डाळ पाहते.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल की मग सगळंच एफपीजीएवर का नाही करत. करून पाहिलंय लोकांनी. २०१४ मधे मायक्रोसॉफ्टनं १,६३२ सर्व्हरमधे प्रत्येकी एक एफपीजीए बसवून बिंग सर्चच्या रँकिंगचं काम त्यावर टाकलं होतं आणि उशीर तेवढाच ठेवून प्रत्येक सर्व्हरचं काम ९५ टक्क्यांनी वाढलं असं त्यांच्याच पेपरमधे आहे. ॲमेझॉननं नंतर भाड्यानं द्यायला सुरुवात केली, तासावर. पण माझं मत विचाराल तर रोजच्या कामाला हे नाही. एक ओळ बदलली की परत सगळं जुळवायला टूल कितीतरी मिनिटं घेतं, मोठ्या चिपला तर तास, आणि चुकलं तर कुठे चुकलं ते सांगणारा स्टॅक ट्रेस नाही, नुसता एक एलईडी लागत नाही. एआयवाले जीपीयू, म्हणजे ग्राफिक्ससाठी बनलेल्या चिप, घेतात त्यात काही वेडेपणा नाही, तिथं खूप सारा एकसारखा गुणाकार आहे आणि जीपीयूला तेच येतं. लाखांनी बनवायची वस्तू असेल तर स्वतःची पक्की चिप काढणं स्वस्त पडतं. एफपीजीए मधल्या जागेत बसतो, जिथं वस्तू थोड्या, वेळेचा हिशोब कडक आणि काम बदलू शकतं. कलर सॉर्टर तंतोतंत त्या जागेत आहे. फक्त एक गैरसमज माझाही होता, की तुरीवरून हरभऱ्यावर गेलं की चिपमधलं सर्किट बदलत असेल. नाही. ऑपरेटर स्क्रीनवर नुसते आकडे बदलतो, किती काळं म्हणजे काळं. सर्किट बदलतं ते कंपनीनं दाणा ओळखायची रीतच बदलली तर.

गेल्या रविवारी मामा आला होता. मी टेबलावर नेऊन दाखवलं, उडीद सरकवला, एलईडी सरकला. मामानं पाच मिनिटं नीट पाहिलं, काही बोलला नाही. मग बाहेर जाऊन चपलेजवळ वाकला आणि कुंडीतला एक खडा घेऊन आला, पिवळट, डाळीएवढा, एका बाजूनं गोल. डाळीत ठेवला. "हा पकड."

एकही एलईडी लागला नाही. कागद हलवला, लाइट बदलला, मर्यादा खालीवर केली. खडा धरायला गेलं तर निम्मी डाळ पण धरली जाते, कारण उजेडात दोघं सारखेच.

"आमच्याकडे याच्यासाठीच दुसरा कॅमेरा आहे," मामा म्हणे, "तो डोळ्याला न दिसणारा उजेड पाहते. त्यात खडा वेगळा दिसते अन् डाळ वेगळी."

इन्फ्रारेड. ओव्ही७६७० च्या भिंगामागे इन्फ्रारेड अडवणारी एक काचेची चकती चिकटवलेली असते, ती काढता येते असं वाचलंय, आणि काढली तरी हा सेन्सर फार दूरचं इन्फ्रारेड पाहूच शकत नाही, त्यामुळे खडा दिसेल याची काही खात्री नाही. तरी एक जास्तीचा कॅमेरा मागवलाय, खरवडायला. आणि डबा फ्रिजच्या वर आहे, मला दिसलाय.